सिंक्लेअर, क्रिस्टीन : आंतरराष्ट्रीय कारकीर्द

सिंक्लेअर, क्रिस्टीन मार्गारेट : (१२ जून १९८३– ). कॅनडाच्या महिला फुटबॉल संघाची माजी कर्णधार आणि आघाडीच्या फळीतली खेळाडू. मार्च २००० ते डिसेंबर २०२३ या काळात ती देशासाठी ३३१ सामने खेळली आणि तिने १९० गोल केले. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये इतके गोल आजवर कोणीच केलेले नाहीत, ना बाईने ना पुरुषाने. सहा विश्वचषक, चार ऑलिंपिक, ऑलिंपिकमधली दोन कांस्यपदकं आणि एक सुवर्णपदक असा हा पट आहे. तिच्याविषयी बोलताना आधी १९० हा आकडाच पुढे येतो, आणि ते रास्तही आहे. पण हा आकडा मनात ठेवून तिची कारकीर्द पाहायला बसलं की एक गोष्ट सारखी जाणवत राहते. तिचे सर्वांत मोठे गोल कॅनडा हरला त्या सामन्यांतले आहेत. आणि देशाला सोनं मिळालं त्या स्पर्धेत निर्णायक गोल इतरांनी केले, तिने फक्त चेंडू त्यांच्या हाती दिला.

जन्म ब्रिटिश कोलंबियातल्या बर्नबी या व्हँकुव्हरला लागून असलेल्या शहरातला. घरात फुटबॉल होताच. ब्रायन आणि ब्रूस गँट हे तिचे मामा व्यावसायिक खेळाडू होते. लहानपणी ती बेसबॉलही खेळायची, आणि टोरांटो ब्लू जेजचा रॉबर्टो अलोमार तिचा लाडका खेळाडू होता. त्याच्या पाठीवर १२ हा क्रमांक असे. तोच तिने घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

राष्ट्रीय संघात ती आली ती सोळाव्या वर्षी, शाळकरी वयात. १९९५ मध्ये नॉर्वेला विश्वविजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक एव्हन पेलेरुड तेव्हा नुकतेच कॅनडाच्या संघाची सूत्रं हाती घेऊन आले होते. पोर्तुगालमधल्या २००० सालच्या अल्गार्वे चषकात त्यांनी या मुलीला थेट चीनविरुद्ध उतरवलं. पुढच्याच सामन्यात नॉर्वेविरुद्ध तिने पहिला गोल केला आणि त्या स्पर्धेत एकूण तीन. चीन आणि नॉर्वे म्हणजे त्या काळातले जगातले अव्वल संघ. सुरुवातीचे गोल दुबळ्या संघांविरुद्ध करून कोणी नाव कमावलं, असं तिच्याबाबतीत म्हणता येत नाही.

२००२ मध्ये एकोणीस वर्षांखालील मुलींची पहिली जागतिक स्पर्धा कॅनडात भरली. सिंक्लेअरने दहा गोल केले, सर्वाधिक गोलांचा आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचा असे दोन्ही मान मिळवले. एडमंटनच्या कॉमनवेल्थ स्टेडियमवरचा अंतिम सामना पाहायला ४७,७८४ लोक आले. मुलींच्या कनिष्ठ गटाच्या सामन्याला इतकी गर्दी होईल असं कॅनडात कोणी धरून चाललं नव्हतं. जादा वेळेतल्या गोल्डन गोलवर, म्हणजे जो होताच सामना संपतो अशा गोलवर, अमेरिका जिंकली. मोठ्या सामन्यात अमेरिका समोर यावी आणि थोडक्यात घास हिरावून न्यावा, याचा हा पहिला प्रसंग.

पुढच्या वर्षी अमेरिकेतच झालेल्या विश्वचषकात कॅनडाने चौथा क्रमांक मिळवला. सिंक्लेअरचे तीन गोल, त्यातला एक जर्मनीविरुद्ध चौथ्याच मिनिटाला. विश्वचषकात कॅनडाची याहून चांगली कामगिरी आजपर्यंत झालेली नाही. अथेन्स ऑलिंपिकची पात्रता हुकली. २००७ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाने अगदी शेवटच्या क्षणी बरोबरी साधून कॅनडाला साखळीतच घरी पाठवलं, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा अमेरिका, पुन्हा जादा वेळ, १–२. कॅनडाचा एकमेव गोल अर्थातच सिंक्लेअरचा.

२६ जून २०११, बर्लिन. विश्वचषकाचा सलामीचा दिवस, ऑलिंपिक स्टेडियमवर ७३ हजारांहून अधिक प्रेक्षक, समोर यजमान आणि गतविजेती जर्मनी. उत्तरार्धात चेंडूसाठी झालेल्या झटापटीत जर्मन बचावपटूचं कोपर तिच्या तोंडावर बसलं आणि नाक मोडलं. वैद्यकीय पथक तिला बाहेर घेऊ पाहत होतं, ती जायला तयार होईना. नाक तिथेच जागेवर बसवून ती परत आली. ८२ व्या मिनिटाला कॅनडाला फ्री किक मिळाली. सिंक्लेअरने चेंडू बचावपटूंच्या भिंतीवरून वळवला आणि तो वरच्या कोपऱ्यात गेला. गोलमध्ये नादिन आंगेरर उभी होती. २००७ चा संपूर्ण विश्वचषक तिने एकही गोल न खाता जिंकून दिला होता. सामना जर्मनीने २–१ असा घेतला. पुढचे सामने सिंक्लेअर चेहऱ्यावर मुखवटा लावून खेळली, पण कॅनडा तिन्ही सामने हरला आणि सोळा संघांत शेवटचा आला. तो गोल मात्र कॅनडात आजही लोक आठवणीने सांगतात.

त्यानंतर जॉन हर्डमन प्रशिक्षक झाले. खचलेला संघ त्यांनी वर्षभरात उभा केला, आणि त्याच वर्षी पॅन अमेरिकन स्पर्धेत ब्राझीलला पेनल्टींवर हरवून सुवर्ण मिळालं.

मग आला ६ ऑगस्ट २०१२ चा, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरचा सामना. लंडन ऑलिंपिकची उपांत्य फेरी, समोर अमेरिका. महिला फुटबॉलमधल्या सर्वोत्तम सामन्यांत याची गणना होते, आणि एकट्या खेळाडूने एका बलाढ्य संघाला दोन तास कसं झुंजवत ठेवलं हे पाहायचं असेल तर यापेक्षा चांगला नमुना सापडणं कठीण. २२ व्या मिनिटाला तिने पहिला गोल केला. अमेरिकेच्या मेगन रॅपिनोने थेट कॉर्नरवरून बरोबरी साधली. ६७ व्या मिनिटाला सिंक्लेअरने डोक्याने दुसरा केला. तीनच मिनिटांत रॅपिनोने लांबून फटका मारून पुन्हा बरोबरी. आणखी तीन मिनिटं गेली आणि कॉर्नरवर उंच उडी घेऊन सिंक्लेअरने पुन्हा डोक्याने तिसरा गोल केला. प्रत्येक वेळी आघाडी तिने मिळवायची आणि प्रत्येक वेळी ती निसटायची, असं चाललेलं.

सामना फिरला तो एका दुर्मीळ निर्णयाने. गोलरक्षकाने चेंडू सहा सेकंदांहून अधिक काळ हातात ठेवू नये असा नियम होता, पण पंच तो क्वचितच लावत. अमेरिकेची आघाडीची खेळाडू अ‍ॅबी वॉमबाक पंचांना ऐकू जाईल अशा आवाजात सेकंद मोजत होती, हे तिने स्वतःच नंतर सांगितलं. नॉर्वेच्या पंच क्रिस्टिना पेडरसन यांनी कॅनडाची गोलरक्षक एरिन मॅक्लाउड हिच्यावर शिट्टी वाजवली आणि पेनल्टी क्षेत्रात अप्रत्यक्ष फ्री किक (जिच्यावर थेट गोल करता येत नाही) दिली. तो फटका कॅनडाच्या खेळाडूच्या हाताला लागला, पेनल्टी मिळाली, आणि ८० व्या मिनिटाला वॉमबाकने ३–३ केलं. जादा वेळेत, १२३ व्या मिनिटाला अमेरिकेच्या अ‍ॅलेक्स मॉर्गनने डोक्याने चौथा गोल केला. त्यानंतर काही सेकंदांत सामना संपला. (हा नियम २०२५ पासून बदलला आहे. आता आठ सेकंदांची मुदत आहे आणि उल्लंघन झालं तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो.) सामन्यानंतर पंचांशी केलेल्या वर्तनाबद्दल फिफाने सिंक्लेअरवर चार सामन्यांची बंदी घातली. पंचांचा निर्णय नियमाला धरून होता, पण ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात, सामना दहा मिनिटांवर आलेला असताना तो लावणं हे प्रस्तुत लेखकाला आजही न्याय्य वाटत नाही.

तीन दिवसांनी कॉव्हेंट्रीत दमलेल्या कॅनडावर फ्रान्सने सामनाभर हल्ले चढवले. भरपाई वेळेत डायना मॅथेसनने एकच गोल केला आणि कांस्यपदक आलं. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये पारंपरिक सांघिक खेळातलं कॅनडाचं १९३६ च्या बास्केटबॉल रौप्यपदकानंतरचं हे पहिलंच पदक. सिंक्लेअर सहा गोलांसह स्पर्धेत सर्वांत पुढे होती. समारोप सोहळ्यात देशाचा ध्वज तिच्या हाती दिला गेला, आणि वर्षअखेरीस कॅनडाच्या सर्वोत्कृष्ट क्रीडापटूचा लू मार्श पुरस्कारही तिला मिळाला.

२०१५ चा विश्वचषक घरच्या मैदानांवर होता. एडमंटनच्या सलामीच्या सामन्यात चीनविरुद्ध भरपाई वेळेत पेनल्टी मिळाली आणि तिने ती शांतपणे गोलमध्ये घातली. व्हँकुव्हरमध्ये, म्हणजे तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, इंग्लंडने उपांत्यपूर्व फेरीत २–१ असं हरवलं. कॅनडाचा गोल तिचाच होता. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये यजमान ब्राझीलला साओ पावलोत २–१ हरवून दुसरं कांस्य आलं, तिथे दुसरा गोल तिचा. याच सुमारास तिचा खेळ बदलत गेला. धाव थोडी मंदावली तशी ती बचावपटूंच्या पाठीमागे पळण्याऐवजी थोडी मागे, मधल्या फळीच्या पुढे उभी राहू लागली. चेंडू घ्यायचा, पाठीवर प्रतिस्पर्धी असताना सांभाळायचा आणि तरुण खेळाडूंच्या धावेत सोडायचा. हे काम गोलांच्या यादीत दिसत नाही.

गोलांची यादी मात्र वाढतच होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिने अमेरिकेच्या मिया हॅमच्या १५८ गोलांना मागे टाकलं. २०१९ च्या विश्वचषकात नेदरलँड्सविरुद्ध गोल करून, ब्राझीलच्या मार्तापाठोपाठ पाच विश्वचषकांत गोल करणारी ती दुसरी खेळाडू ठरली. आणि २९ जानेवारी २०२० रोजी टेक्सासमधल्या एडिनबर्ग गावी, ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत, सेंट किट्स आणि नेव्हिसविरुद्ध तिने दोन गोल करून वॉमबाकचा १८४ गोलांचा जागतिक विक्रम मोडला. पुरुषांमधला विक्रम तेव्हा इराणच्या अली दाईच्या नावावर होता, १०९ गोलांचा. कॅनडाने तो सामना ११–० असा जिंकला, आणि इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो : उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या पात्रता फेऱ्यांत असे अनेक एकतर्फी सामने असतात, त्यामुळे आकडा फुगतो. आक्षेपात तथ्य आहे. पण हॅम आणि वॉमबाक याही त्याच विभागातून खेळल्या, आणि त्यांच्यामागे सिंक्लेअरच्या मागे होता त्यापेक्षा कितीतरी तगडा संघ होता. शिवाय विश्वचषकातले दहा आणि ऑलिंपिकमधले बारा गोल कोणत्याही पात्रता फेरीतले नाहीत.

टोकियो ऑलिंपिक महामारीमुळे २०२१ मध्ये, बहुतेक रिकाम्या मैदानांवर झालं. सप्पोरोत जपानविरुद्धचा सलामीचा सामना तिचा तीनशेवा, आणि सहाव्या मिनिटाला तिने गोल केला. स्पर्धेतला तिचा तो एकमेव गोल. उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलविरुद्ध सामना पेनल्टींवर गेला. कॅनडाची पहिली पेनल्टी घ्यायला सिंक्लेअर पुढे आली आणि तिची पेनल्टी अडवली गेली. गोलरक्षक स्टेफनी लाबेने पुढे दोन पेनल्टी अडवून संघाला तारलं.

तीन दिवसांनी काशिमात समोर अमेरिका. २००१ नंतर कॅनडाने अमेरिकेला एकदाही हरवलं नव्हतं. ७० मिनिटं उलटून गेल्यावर व्हीएआरच्या (व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या पंचांच्या) तपासणीनंतर कॅनडाला पेनल्टी मिळाली. सिंक्लेअरने चेंडू उचलला, जवळ धरून ठेवला. जगात सर्वाधिक गोल करणारी खेळाडू, नऊ वर्षांपूर्वीचं ओल्ड ट्रॅफर्ड डोक्यात असणारच, सगळ्यांना वाटलं तीच घेणार. तिने चेंडू तेवीस वर्षांच्या जेसी फ्लेमिंगच्या हातात दिला. फ्लेमिंगने गोल केला, कॅनडा १–० जिंकला. दोन वर्षांपूर्वी, २०१९ च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्धही तिने अशीच पेनल्टी तरुण जनीन बेकीकडे सोपवली होती. ती अडवली गेली, कॅनडा बाहेर पडला आणि निर्णयावर बरीच टीका झाली. तरीही दुसऱ्यांदा तिने तेच केलं. या लेखकाच्या मते तिच्या २३ वर्षांतला सर्वांत मोठा क्षण हाच, मग तो गोलांच्या यादीत कुठेही नसला तरी.

अंतिम सामना योकोहामात, ६ ऑगस्ट २०२१. ओल्ड ट्रॅफर्डला त्या दिवशी बरोबर नऊ वर्षं झाली होती. स्वीडन एका गोलने पुढे असताना पेनल्टी क्षेत्रात सिंक्लेअरला पाडलं गेलं आणि फ्लेमिंगनेच पुन्हा पेनल्टीवर बरोबरी साधली. जादा वेळ सुरू होण्याआधी सिंक्लेअर बाहेर आली होती. पेनल्टींची फेरी तिने बाहेरून पाहिली. वीस वर्षांच्या जुलिया ग्रोसोने निर्णायक पेनल्टी मारली आणि कॅनडाला महिला फुटबॉलचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं.

१९० वा गोल जुलै २०२२ मध्ये त्रिनिदाद आणि टोबॅगोविरुद्ध झाला. त्यानंतरचं वर्ष मैदानाबाहेरच्या लढाईत गेलं. समान वागणूक आणि निधीसाठी ऑलिंपिक विजेत्या संघाने फेब्रुवारी २०२३ मध्ये संप पुकारला, पण कायदेशीर कारवाईच्या धाकामुळे त्यांना मैदानात परतावं लागलं. मार्चमध्ये सिंक्लेअर आणि तीन सहकारी कॅनडाच्या संसदेच्या समितीपुढे गेल्या आणि देशाच्या फुटबॉल महासंघाच्या कारभाराबद्दल त्यांनी स्पष्ट शब्दांत साक्ष दिली. सोन्याचं पदक मिळवलेल्या संघाला मूलभूत गोष्टींसाठी संसदेच्या दारात जावं लागलं, हे फार बोचणारं आहे. त्याच वर्षीच्या विश्वचषकात मेलबर्नला नायजेरियाविरुद्ध तिची पेनल्टी चियामाका न्नाडोझीने अडवली. ती गोलमध्ये गेली असती तर सहा विश्वचषकांत गोल करणारी सिंक्लेअर ही पहिलीच ठरली असती. सामना गोलशून्य सुटला आणि कॅनडा साखळीतच बाद झाला.

५ डिसेंबर २०२३ रोजी व्हँकुव्हरमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ती शेवटची खेळली. बीसी प्लेस या मैदानाचं नाव त्या दिवसापुरतं ‘क्रिस्टीन सिंक्लेअर प्लेस’ करण्यात आलं होतं आणि ४८ हजारांवर लोक आले होते. उत्तरार्धात ती बाहेर आली तेव्हा सगळं मैदान उभं होतं. कॅनडा १–० जिंकला. गोल सहकारी क्विनचा होता, सिंक्लेअरचे १९० ते १९०च राहिले.