मिक्सिंगचा पीसी का दमतो?

“मिक्सिंग झाला काय ओ?” मे महिन्यात कुडाळ-कणकवलीकडच्या स्टुडिओवाल्याला हे दिवसातून दहादा ऐकावं लागतं. चाकरमान्याला मुंबईला परतण्याआधी लग्नाचा पेनड्राइव्ह हवा असतो. उत्तर ठरलेलं: “रेंडर लावलंय.” मिक्सिंग म्हणजे शूटिंगची कापाजोड, आणि रेंडर म्हणजे त्यातून पीसीने शेवटची फाइल तयार करणं.

१९९५ मध्ये टेपवरच्या डिजिटल व्हिडिओचा डीव्ही फॉरमॅट आला तेव्हा चित्र होतं ७२० बाय ५७६ चं. तासभराची टेप पीसीवर उतरवायला तासच लागायचा आणि जागा जायची साधारण १३ जीबी. पण प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, त्यामुळे पेंटियम फोरसारख्या जुन्या प्रोसेसरवरही कात्री सरसर चालायची.

आता फोनचं पाहा. आयफोनवर फोर-के (३८४० बाय २१६०), सेकंदाला ३० फ्रेम, एचईव्हीसी या व्हिडिओ आवळण्याच्या पद्धतीत मिनिटाला सुमारे १७० एमबी, म्हणजे तासाला १० जीबीच्या आसपास. पिक्सेल विसपट, आणि फाइल डीव्हीपेक्षा लहान! कार्डावरचं ते ओझं प्रोसेसरच्या डोक्यावर गेलं. २००३ चं एच.२६४ आणि २०१३ चं एचईव्हीसी, दोन्हींत बहुतेक फ्रेममध्ये शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच साठवतात. दशावताराच्या रात्रभराच्या शूटिंगमध्ये संकासुर कुठे आला ते शोधायला मध्येच कर्सर टेकवला, तर पीसीला मागची पूर्ण फ्रेम गाठून तिथपासून सगळं उलगडत यावं लागतं. प्रीव्ह्यू अडखळतो तो इथे.

हे ओझं निदान चित्राचं तरी आहे. दुसरं मात्र निव्वळ सुटलेल्या पोटाचं. हार्डवेअर जेवढं वेगवान होतं त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर संथ होतं, असं संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलं होतं. २००१ चं विंडोज एक्सपी किमान ६४ एमबी रॅम मागायचं. २०२१ चं विंडोज ११ मागतं ४ जीबी, म्हणजे चौसष्टपट, तेही एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी. प्रीमियर प्रो या ॲडोबीच्या एडिटिंग सॉफ्टवेअरने २०१० मध्ये जुन्या ३२-बिट विंडोजवर चालणं सोडलं, २०१३ पासून नवी आवृत्ती फक्त वर्गणीवर. आता फोर-केसाठी ३२ जीबी रॅमची शिफारस आहे. हळदीच्या व्हिडिओला दोन कट आणि एक टायटल लागतं, हा भाग वेगळा.

यावर तोड म्हणून प्रॉक्सी काढतात: हलक्या नकलेवर कापाकापी, शेवटी मूळ फाइल जोडायची. मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

जुना पीसी तरीही कुणी भंगारात देत नाही. दमट हवेत बुरशी धरलेली एखादी मिनीडीव्ही टेप घेऊन कुणीतरी येतंच, आणि नव्या लॅपटॉपला टेप उतरवायला लागणारं फायरवायरचं पोर्ट नसतं.