जगबुडी: कलियुगाचा हिशेब तरी नीट करा

‘ग्रह एका राशीत आले, कलियुग संपलं, आता जगबुडी!’ बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या मोबाईलवर हा मेसेज अधूनमधून उगवतोच. पुराणांनुसार कलियुग ४,३२,००० वर्षांचं. पारंपरिक गणनेनं ते इ.स.पू. ३१०२ला सुरू झालं. सरली जेमतेम ५,१००. मग घाई कुणाला? शांतीची दक्षिणा मागणाऱ्याला असेल.

फेब्रुवारी १९६२मध्ये मकर राशीत अष्टग्रही आली, म्हणजे ज्योतिषातले आठ ग्रह एकत्र आले. देशभर होमहवनं झाली, लोक धास्तावले. जग होतं तिथंच राहिलं. त्या आठांतला केतू तर ग्रहच नाही, चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला छेदते तिथला नुसता बिंदू. उरलेले पृथ्वीवरून एका दिशेला दिसतात, एवढंच. प्रत्यक्षात त्यांच्यात कोट्यवधी किलोमीटरचं अंतर असतं.