नोकरी पुण्याची, मुक्काम पोर्ट लुईचा: मॉरिशसचा प्रीमियम व्हिसा

भारतीयांना पर्यटक म्हणून मॉरिशसला जायला व्हिसा आधी काढावा लागत नाही. म्हणून लॅपटॉप घेऊन तसंच जावं, असं अनेकांच्या मनात येतं. पण सहा महिन्यांहून जास्त राहून इथलंच काम तिथून करायचं असेल, तर त्यासाठी वेगळा रस्ता आहे: २०२०च्या अखेरीस सुरू झालेला प्रीमियम व्हिसा. तो एक वर्षाचा असतो आणि पुढे वाढवून मिळू शकतो.

पात्रतेचा गाभा एकच आहे. तुमचं काम आणि कमाई मॉरिशसच्या बाहेरची हवी. तिथल्या कंपनीत नोकरी धरता येत नाही, तिथल्या ग्राहकांना सेवा विकता येत नाही. योजना आली तेव्हा किमान मासिक उत्पन्नाची अट १,५०० अमेरिकी डॉलरची होती, म्हणजे आजच्या हिशोबाने सव्वा लाख रुपयांच्या वर. अर्ज भरण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर चालू आकडा आणि शुल्क पाहून घ्या.

अर्ज ऑनलाइन भरायचा. पासपोर्ट, फोटो, परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचा पुरावा, प्रवास आणि आरोग्य विमा, जन्मदाखला, जोडीदार सोबत असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा पुरावा, एवढं स्कॅन करून तयार ठेवा.

यातला उत्पन्नाचा पुरावा सगळ्यात काळजीने जमवावा, असं माझं मत आहे. पगारदारांनी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र घ्यावं. त्यात पद, पगार आणि मॉरिशसमधून काम करायला कंपनीची परवानगी आहे, हे तिन्ही स्पष्ट लिहिलेलं असावं. 'हे आमचे कर्मचारी आहेत' एवढंच लिहिलेलं पत्र तोकडं पडतं. फ्रीलान्सरचं उत्पन्न कधी दोन लाख, कधी चाळीस हजार असं असतं. त्यांनी ग्राहकांशी झालेले करार, इनव्हॉइस आणि त्याच रकमा जमा झाल्याचं दाखवणारं बँक स्टेटमेंट एकत्र लावावं. तिन्हींतले आकडे जुळले, तर वाचणाऱ्याला प्रश्न पडत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास अडते, ती म्हणजे नाव. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, बँकेत नसतं. विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं. असा फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. ग्रामपंचायतीचा जुना जन्मदाखला फक्त मराठीत असेल, तर प्रमाणित इंग्रजी अनुवाद करून घ्या. तिथे सरकारी कामात इंग्रजी आणि फ्रेंचच चालते.

कराचं गणित निघण्याआधी सीएशी बोलून घ्या. वर्षात १८३ दिवस किंवा जास्त राहिलात, तर तिथले कर-रहिवासी, म्हणजे कराच्या दृष्टीने तिथलेच रहिवासी, ठरता. मॉरिशसबाहेरच्या बँकेच्या कार्डाने केलेला खर्च तिथे आणलेलं उत्पन्न मानला जात नाही. तिथल्या बँक खात्यात पैसे जमा केले, तर मात्र कराचा प्रश्न येतो, आणि मूळ देशात कर भरल्याचं घोषणापत्र द्यावं लागतं. भारतातली करस्थितीही दिवसांच्या मोजणीने बदलते, म्हणून पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या तारखा जपा.

पोर्ट लुईत वेळ भारतापेक्षा दीड तास मागे आहे. पुण्यातली साडेनऊची मीटिंग तिथे सकाळी आठला, त्यामुळे घरच्या टीमशी ताळमेळ सहज बसतो. जागा शोधताना एबेन, रोझ हिल, ग्रां बे सगळं पाहा. कोकणातून तिथे गेलेल्यांच्या वंशजांचा मराठी समाजही आहे, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

मंजुरीचा ईमेल, परतीचं तिकीट, विमा आणि राहण्याचा पत्ता यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीशी पोहोचता तेव्हा मोठी बॅग अजून पट्ट्यावरच असते.