बाबांचा हरवलेला बाण

बाबा लॅपटॉपसमोर बसले की थोड्या थोड्या वेळानं हाक यायची. “अगं, बाण कुठं गेला बघ जरा.” मी हातातलं काम टाकून जायची, माउस जोरात डावी-उजवीकडे हलवायची, बाण दिसायचा. बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. अक्षरं मोठी करून दिली होती, चष्मा नवा होता, तरी बाण काही सापडायचा नाही. शेवटी एका संध्याकाळी पट्टी घेऊन मी तो बाण मोजला.

बाबांच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी यंत्रणा. लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपवर बाण २४ पिक्सेलच्या, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांच्या, चौकोनात काढलेला असतो. बाबांचा लॅपटॉप साडेपंधरा इंची, फुल एचडी पडद्याचा. त्या पडद्यावर एका इंचात सुमारे १४१ पिक्सेल बसतात. म्हणजे २४ पिक्सेल भरले जेमतेम सव्वाचार मिलिमीटर, आणि बाण त्या चौकोनातही कडेकडेनं जागा सोडून बसलेला. आंबेमोहोराच्या दाण्याहून लहान वस्तू आपण दिवसभर नजरेनं धरून ठेवत असतो. निरोगी डोळ्यांना त्याचं काही वाटत नाही, एवढंच.

माउस हलवला की बाण सापडतो, यामागे डोळ्याची रचना आहे. हात लांब करून अंगठा समोर धरला तर जेवढी जागा अंगठ्याआड जाते, साधारण तेवढ्याच भागात आपल्याला बारीक तपशील स्वच्छ दिसतो. त्याच्या बाहेरची नजर तपशिलाला कच्ची, पण हालचालीला भलतीच जागी असते. स्थिर बाण तिला दिसत नाही, धावणारा दिसतो. म्हणून माउस हलवण्याची ही सवय कुणी न शिकवता सगळ्यांना लागते. लिनक्सवर पडद्याची मांडणी सांभाळणारे वेगवेगळे डेस्कटॉप मिळतात. त्यांतल्या केडीईच्या प्लाझ्मा ६.१ मध्ये, २०२४ साली, याच सवयीचा उपयोग करून घेतला आहे: माउस भराभर हलवला की बाण तेवढ्यापुरता फुगून मोठा होतो. नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये वेगळी सोय आहे. सेटिंग चालू केलं की कंट्रोलचं बटण दाबताच बाणाभोवती वलय उमटतं.

बाबांच्या उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर, नोमच होतं. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात दृष्टीसंबंधीचा भाग, त्यात कर्सरचा, म्हणजे याच बाणाचा, आकार. तिथं पाच पायऱ्या मिळतात: २४, ३२, ४८, ६४ आणि ९६ पिक्सेल. मी ४८ केला. बाबा म्हणाले, “आता दिसतोय, पण काळ्या अक्षरांवर गेला की परत गडप.” तेव्हा लक्षात आलं की नुसत्या मापानं भागणार नाही, रंग आणि कड यांचाही विचार करायला हवा. आणि मग मी या बाणाच्या पोटात शिरले.

माउसचा पहिला नमुना १९६४ मधला, लाकडी खोक्याचा. कल्पना डग्लस एंगलबार्ट यांची, घडवला बिल इंग्लिश यांनी. ९ डिसेंबर १९६८ रोजी एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तो जाहीरपणे चालवून दाखवला, तेव्हा पडद्यावर फिरणाऱ्या खुणेला ते ‘बग’ म्हणत होते. त्यांच्या यंत्रणेतला बाण सरळ वर तोंड केलेला होता. तो तिरका झाला तो झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात. तिथल्या १९७३ च्या आल्टो संगणकात कर्सरसाठी जागा होती १६ गुणिले १६ ठिपक्यांची. एवढ्या कमी ठिपक्यांत सरळ उभ्या बाणाच्या दोन्ही उतरत्या कडा ओबडधोबड दिसतात. तोच बाण डावीकडे कलता केला की एक कड पूर्ण उभी होते आणि दुसरी बरोबर ४५ अंशांत, एक ठिपका खाली, एक ठिपका बाजूला अशी उतरते. दोन्ही कडा स्वच्छ. गणिताच्या वहीत चौकटी भरून हे कुणालाही करून बघता येईल, आणि मी सांगते, जरूर बघा. पन्नास वर्षांपूर्वीच्या ठिपक्यांच्या टंचाईतून आलेला तो तिरकेपणा आज ठिपक्यांचा सुकाळ असूनही टिकून आहे.

लिनक्सचा बाण आला तो पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमकडून. ही यंत्रणा अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९८४ मध्ये सुरू झाली आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. त्या एक्समध्ये कर्सर हे चक्क एका फॉन्टमधली अक्षरं होती. एकूण ७७ आकार, आणि प्रत्येकासाठी दोन अक्षरं: एक चित्राचं, दुसरं त्याच्या मुखवट्याचं. मुखवटा म्हणजे चित्रातला कुठला भाग रंगवायचा आणि कुठल्या भागातून मागचं दिसू द्यायचं याचा नकाशा. रंग दोनच, आणि प्रत्येक ठिपका एक तर पूर्ण भरलेला नाही तर पूर्ण मोकळा. त्या संचात बाण, हात, घड्याळ तर होतंच, पण कॉफीचा मग होता, कोळी होता, कवटी आणि हाडंही होती. ज्यांनी जुन्या काळी नुसतं एक्स सुरू केलं असेल त्यांना पडद्याच्या मधोमध उभी राहणारी ती ठळक फुली आठवत असेल. तीही याच फॉन्टमधली.

खरा बदल झाला कीथ पॅकार्ड यांच्या एक्सकर्सर या लायब्ररीनं, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचानं. फेब्रुवारी २००३ मध्ये आलेल्या एक्सफ्री८६ ४.३ या एक्सच्याच एका रूपातून ती घरोघरी पोहोचली. आता प्रत्येक ठिपक्याला चार बाइट मिळाले: लाल, हिरवा, निळा आणि चौथा पारदर्शकतेचा. पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या मिळाल्यामुळे कडा मऊ झाल्या, बाणाखाली हलकी सावली आली. हिशेब सोपा आहे. २४ गुणिले २४ चा बाण म्हणजे २,३०४ बाइट. ४८ चा ९,२१६. फिरत्या चकतीसारखा हलता कर्सर असला तर तेवढी चित्रं एकामागून एक. ४८ पिक्सेलची २४ चित्रं धरली तर सुमारे सव्वादोन लाख बाइट झाले, आणि प्रत्येक चित्र ६० मिलिसेकंद दाखवायचं ठरवलं तर चकतीची एक फेरी दीड सेकंदाच्या आत संपते.

एक्सकर्सरची फाइल उघडून बघितली तेव्हा मला फार आनंद झाला, इतकी ती साधी आहे. सुरुवातीची चार अक्षरं एक्स, सी, यू, आर, म्हणजे फाइलनं स्वतःची ओळख सांगणं. मग अनुक्रमणिका. मग एकेक चित्र, आणि प्रत्येकासोबत त्याचं माप, रुंदी, उंची, किती वेळ दाखवायचं ते, आणि दोन आकडे ‘हॉटस्पॉट’चे. मोबाइलच्या हॉटस्पॉटशी याचा काही संबंध नाही. चित्र कितीही मोठं असलं तरी क्लिक पडते ती त्यातल्या एकाच ठिपक्यावर, आणि तो ठिपका कुठला, हे हे दोन आकडे सांगतात. बाणासाठी टोक, हातासाठी बोटाचं अग्र, मजकुरावरच्या उभ्या दांडीसाठी तिचा मध्य.

बाबांसाठी मी स्वतः बाण काढायचं ठरवलं. पिवळा, जाड काळ्या कडेचा, मुंबईच्या काळी-पिवळी टॅक्सीसारखा. त्याला कारण होतं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळसर आणि धुरकट होतं, निळ्या छटा मंदावतात, फिके रंग एकमेकांत मिसळतात. पिवळा गडद पार्श्वभूमीवर उठून दिसतो, पण पांढऱ्या पानावर नुसता पिवळा विरून जाईल. तिथं काळी कड कामाला येते. पार्श्वभूमी कशीही असो, दोहोंपैकी एक तरी रंग तिच्याशी भांडतोच. चांगल्या कर्सर थीममध्ये, म्हणजे कर्सरच्या चित्रांच्या तयार संचात, काळ्या बाणाला पांढरी किंवा पांढऱ्याला काळी कड असते ती शोभेसाठी नाही.

इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये चित्र काढलं, ३२, ४८, ६४ आणि ९६ अशा चार मापांत पीएनजी, म्हणजे चित्रांच्या फाइली, काढून घेतल्या. प्रत्येक माप वेगळं काढणं बरं, कारण मागितलेलं माप फाइलमध्ये नसलं तर एक्सकर्सर त्याच्या जवळचं माप उचलतं. मग एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दर चित्रासाठी एक ओळ: माप, हॉटस्पॉटचे दोन आकडे, चित्राचं नाव. ही फाइल एक्सकर्सरजेन नावाच्या छोट्या प्रोग्रामला दिली की कर्सर तयार.

पहिल्या दिवशी बाबा खूश होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “मी एका मेलवर टिचकी मारतो आणि उघडतो खालचाच.” मी शेजारी बसून पाहिलं. बाणाचं टोक बरोबर ओळीवर, पण ओळीच्या खालच्या बाजूला असलं की उघडायचा पुढचा मेल. चूक माझी होती. ४८ च्या चित्रात टोक होतं डावीकडून ४ आणि वरून ३ ठिपक्यांवर, आणि मी हॉटस्पॉटला चित्राचा मध्य दिला होता, २४ आणि २४. त्यामुळे क्लिक टोकापासून २० ठिपके उजवीकडे आणि २१ ठिपके खाली पडत होती. दोन दिवस बाबा समजत होते की त्यांचाच हात चुकतोय. ते ऐकून मला वाईट वाटलं. आकडे दुरुस्त केले, थीम एकदा बदलून परत लावली, आणि टिचकी जागेवर पडू लागली.

चारच आकार मी काढले: बाण, हात, मजकुराची दांडी आणि थांबायची खूण. बाकीचे काढायची गरज पडत नाही. थीमच्या फोल्डरमध्ये एक लहानशी माहितीची फाइल असते, तिच्यात ‘अमक्या थीमचा वारसा’ अशी एक ओळ लिहायची. आपल्याकडे नसलेला आकार यंत्रणा त्या थीममधून आणते. फोल्डर ठेवायला जागा दोन: होममधलं टिंबानं सुरू होणारं लपलेलं ‘आयकॉन्स’ फोल्डर, किंवा ‘लोकल’च्या आतल्या ‘शेअर’मधलं ‘आयकॉन्स’. मी दुसरी निवडली, कारण फ्लॅटपॅक या वेगळ्या पद्धतीनं बसवलेली ॲप्स आधी तिथं बघतात. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेली फोल्डरं दिसतात. नंतर ‘ट्वीक्स’ या ॲपमध्ये जाऊन थीम निवडायची. केडीईत हे सिस्टिम सेटिंग्जमध्येच आहे, एक्सएफसीई या आणखी एका डेस्कटॉपमध्ये माउसच्या सेटिंग्जमध्ये.

कुठल्याही तयार थीमचं फोल्डर उघडा, एक गोष्ट चक्रावून टाकेल. शंभराच्या घरात फाइली, आणि त्यांतल्या कितीतरींची नावं म्हणजे ३२ आकडे-अक्षरांची अर्थहीन वाटणारी माळ. त्या बहुतेक खऱ्या फाइली नसतातच, दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे असतात. पूर्वीचे काही प्रोग्राम ‘मला हात दे’ असं नावानं मागत नसत, आपलं दोनरंगी चित्रच सोबत आणत. मग ते चित्र बदलायचं कसं? एक्सकर्सर त्या चित्रावरून गणितानं एक ठसा काढतं, अगदी अंगठ्याच्या ठशासारखा, आणि त्या नावाची फाइल थीममध्ये सापडली की जुन्या चित्राऐवजी ती दाखवतं. जुन्या प्रोग्रामच्या एका ओळीलाही हात न लावता त्याचा कर्सर बदलतो. या सगळ्या कामात मला सगळ्यात आवडलेली युक्ती हीच.

एवढं करूनही बाबांच्या एका ॲपच्या खिडकीत बाण शिरला की पुन्हा बारीक आणि काळा व्हायचा. हा वेलँडचा स्वभाव. एक्सच्या जागी येत असलेल्या वेलँडमध्ये खिडकीच्या आतला कर्सर ते ॲप स्वतः पुरवतं: चित्रही तेच देतं, हॉटस्पॉटही तेच सांगतं. एखाद्या ॲपनं आपली थीम किंवा माप वाचलंच नाही तर ते स्वतःजवळचा बाण पुढे करतं. यावर २०२३ मध्ये एक नवा करार, म्हणजे ॲप आणि डेस्कटॉप यांनी एकमेकांशी बोलायचे नियम, आला. त्यात ॲपनं फक्त आकाराचं नाव सांगायचं, चित्र डेस्कटॉपनं काढायचं. नावं सीएसएस या वेबपानांचं रूप ठरवणाऱ्या भाषेतलीच घेतली आहेत. जसजशी ॲप्स हा करार स्वीकारतील तसतसे असे बेशिस्त बाण कमी होतील. बाबांचं ते ॲप जुन्या पद्धतीचं निघालं, म्हणून मी ‘डीफॉल्ट’ नावाची एक थीम करून तिच्यात आमच्या पिवळ्या बाणाचा वारसा लिहिला. नाव न विचारणारे प्रोग्राम तिथंच येऊन थांबतात. बाण पिवळा झाला.

कॉम्प्युटर अडकलेला असतानाही बाण मात्र हलत राहतो, हे पुष्कळांनी पाहिलं असेल. बाण बाकीच्या चित्रात मिसळलेला नसतो. ग्राफिक्सच्या चिपमध्ये त्याच्यासाठी वेगळी छोटी जागा असते, आणि मॉनिटरकडे चित्र जाताना चिप त्यावर बाण ठेवून देते. माउस हलला की फक्त दोन आकडे बदलायचे, पडदा नव्यानं रंगवायचा नाही. जुन्या अनेक चिपमध्ये ही जागा ६४ गुणिले ६४ पिक्सेलची असे, अलीकडे २५६ पर्यंतही असते. त्या मापात बाण मावला नाही तर तो बाकीच्या चित्राबरोबर रंगवावा लागतो आणि धिम्या यंत्रावर किंचित रेंगाळतो. बाबांचा लॅपटॉप जुना, म्हणून ९६ ऐवजी मी ६४ वर थांबले. पडद्यावर तो साडेअकरा मिलिमीटरच्या चौकोनात बसतो.

लॉगिनच्या पडद्यावर मात्र अजून जुनाच बारीक काळा बाण आहे. तो पडदा वेगळ्या वापरकर्त्याच्या नावानं चालतो, त्याला बाबांच्या होममधलं काही दिसत नाही. त्यासाठी थीम सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये ॲडमिनच्या पासवर्डनं ठेवावी लागेल. मी विचारलं, तेही करून देऊ का? बाबा म्हणाले, “तिथं कशाला, तिथं मी पासवर्ड टाइप करतो आणि एंटर मारतो.”