मांड : खान्देशातल्या महिलांच्या रपेटीमागचा इतिहास

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उभं राहिलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. तापीकाठी मारवाडी, काठेवाडी, सिंधी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे असे घोडे ओळीनं बांधलेले असतात. कुणी कानांची टोकं एकमेकांना टेकतात का ते पाहतं, कुणी कपाळावरचे भोवरे तपासतं, कुणी ओठ वर करून दातांवरून वय काढतं. विकणारा पुरुष, घेणारा पुरुष. दलाल, नालबंद, ढोलाच्या ठेक्यावर घोडा नाचवणारा, सगळे पुरुष. बायका एकमुखी दत्ताच्या दर्शनरांगेत, नाहीतर पलीकडे भांड्याकुंड्यांच्या दुकानांपाशी.

त्यामुळे महिलांसाठी घोडेस्वारीचं शिबिर, किंवा दहा-बाराजणींनी मिळून करायची दोन दिवसांची रपेट असा विषय निघाला की शहादा-दोंडाईचा भागात पहिलं उत्तर ठरलेलं असतं: हे पुण्या-मुंबईचं फॅड. गावातून एखादी मुलगी घोड्यावरून गेली तर ओट्यावरून "माय वं, पोर घोडावर बठनी!" हेही येतंच. शिबिराचा साचा बाहेरून आला, हे खरं. पण बाईनं मांड घालणं इथं नवं नाही. ते एका काळात मोडलं, आणि कधी मोडलं ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं.

अभोण्याच्या ठोके देशमुखांची लेक उमाबाई दाभाडे हे या भागातलं मोठं नाव. अभोणे आज नाशिक जिल्ह्यात आहे, पण जुन्या बागलाणातलं, म्हणजे खान्देशच्या उंबरठ्यावरचं. १ एप्रिल १७३१ ला डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्रिंबकराव मारला गेला आणि दाभाड्यांच्या, म्हणजे मराठ्यांच्या सेनापती घराण्याच्या, फौजेचा कारभार उमाबाईंच्या हाती आला. पुढच्याच वर्षी अहमदाबादेवरच्या मोहिमेत त्याच फौजेच्या प्रमुख होत्या. त्याआधी, अहमदनगरच्या चांदबीबीची आठवण दख्खनी चित्रकारांनी कशी जपली ते पाहा: घोड्यावर बसलेली, हातावर ससाणा, शिकारीला निघालेली. तख्तावर बसलेली चांदबीबी आपल्या कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

खान्देशच्या गोष्टीत खरं वळण येतं ते भीमाबाई होळकरांपाशी. यशवंतराव होळकरांची ही मुलगी ऐन तारुण्यात विधवा झालेली. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकर आणि इंग्रज समोरासमोर आले तेव्हा ती घोडदळात होती, स्वतः घोड्यावर. लढाई हरली. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडचा आपला मुलूख होळकरांनी कंपनीला तोडून दिला. त्यात खान्देश गेला. फेब्रुवारीच्या शेवटी सर थॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरला पोचली, किल्ला घेतला आणि किल्लेदाराला फाशी दिलं. त्याच वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्ज धुळ्यात येऊन कारभार पाहू लागला.

म्हणजे ज्या लढाईत एक बाई घोड्यावरून लढली, त्याच लढाईच्या निकालानं खान्देशातली घोडदळाची रीतच संपवली. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा, बारगिराला सरकारातून घोडा मिळायचा. दोघांचीही चाकरी गेली. १८२५ मध्ये जेम्स औट्रमनं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, ती पायदळाची. घरात पागा होती तोवर घरातली मुलगीही कधीतरी घोड्यावर बसायची. पागाच मोडल्यावर ती शिकणार कुठं?

दुसरी गोष्ट कपड्यांची, आणि मला वाटतं ती तितकीच मोठी आहे. काष्टा घातलेली नऊवारी हा घोड्यावर बसण्याचा पोशाख आहे. दोन्हीकडे पाय टाकून मांड घालता येते, रिकिबीत पाय ठेवता येतो, वाऱ्यानं काही उडत नाही. त्याच काळात विलायतेत मात्र बाईनं दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायचं अशी रीत होती. त्या खोगिराला वर एक शिंग असायचं, त्यात उजवी मांडी अडकवायची. डाव्या मांडीवर दाब देणारं दुसरं शिंग साधारण १८३० च्या सुमारास आलं आणि मग कुठं त्या बायकांना उडी मारताना थोडा आधार मिळाला.

फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई १८३५ मध्ये फत्तेगडला बायजाबाई शिंद्यांच्या छावणीत गेली होती. बायजाबाई कागलच्या घाटग्यांच्या, स्वतः पट्टीच्या स्वार. छावणीतल्या मराठा बायकांना पार्क्सबाईंचं ते एकाच बाजूला लटकणं पाहून हसू आवरेना. शेवटी पार्क्सबाईंनी मराठी पोशाख चढवला, दोन्हीकडे पाय टाकून घोड्यावर बसून पाहिलं, आणि हे जास्त बरं असं प्रांजळपणे लिहून ठेवलं.

पुढं काय झालं ते आपल्याला माहीतच आहे. विसाव्या शतकात नऊवारी आजीपुरती उरली आणि गोल साडी सगळीकडे आली. फत्तेगडला जिची टिंगल झाली ती एका बाजूची बैठक आपल्याकडे आली ती मोटारसायकलच्या मागच्या सीटवर. जळगाव-भुसावळ रस्त्यावर आजही पाहा: पुढं नवरा दोन्हीकडे पाय टाकून, मागं बायको दोन्ही पाय डावीकडे सोडून, एका हातात पोर, दुसऱ्या हातात पिशवी. त्या बैठकीला तोल राखण्याची जी कसरत लागते, ती घोड्यावरच्या साध्या बैठकीला लागत नाही. सलवार-कुडता आणि स्कूटीनं ही बैठक परत बदलली. घोडेस्वारीच्या वर्गाला येणाऱ्या आजच्या मुलींची वाट स्कूटीनं सोपी केली, असं म्हटलं तर कुणाला राग येऊ नये.

बाहेरच्या जगातही बाईला मैदान उशिराच मिळालं. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या स्पर्धेत महिला पहिल्यांदा उतरल्या त्या १९५२ ला, हेलसिंकीत, त्याही फक्त ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली बिनचूक करून घेण्याच्या प्रकारात. डेन्मार्कच्या लिस हार्टेलनं तिथं पुरुषांच्या बरोबरीनं खेळून रौप्यपदक घेतलं. पोलिओमुळे तिच्या गुडघ्याखालच्या पायांत बळ नव्हतं. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. आपल्याकडे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत ड्रेसाजच्या चौघांच्या संघानं सुवर्ण जिंकलं. या खेळात देशाला ४१ वर्षांनी मिळालेलं ते सुवर्ण, आणि चौघांत दोघी मुली: जयपूरची दिव्यकृती सिंह आणि इंदूरची सुदीप्ती हजेला. शिरपूरवरून सेंधव्याचा घाट चढलं की पुढं सरळ इंदूरच लागतं, होळकरांचं.

पण खान्देशातल्या बाईचं आणि घोड्याचं नातं पार तुटलं होतं का? साक्रीकडे पावसाळा संपता संपता ठेलारी मेंढपाळांचे वाडे, म्हणजे बिऱ्हाडांसकट कळप, बाहेर पडतात, तेव्हा रस्त्याच्या कडेला थांबून बघावं. पुरुष मेंढरांबरोबर पुढं गेलेले असतात. मागून बायका घोडी हाकत येतात, आणि त्या घोड्यांवर अख्खं घर असतं: गोधड्या, डबे, पाण्याची भांडी, उलटी बांधलेली खाट, पाय बांधलेल्या कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी वर एखादं लेकरू.

एकदा एका बाईला घोडीवर ओझं चढवताना जवळून पाहिलं. तिनं आधी पाठीवर गोणपाटाची घडी टाकून हातानं सुरकुत्या काढल्या. दोन्हीकडचं वजन एकदा उचलून अंदाज घेतला, एका बाजूचा डबा काढून दुसऱ्या बाजूला घातला. मग तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळला. घोडी अशा वेळी पोट फुगवून धरते. बाईला ते ठाऊक होतं. ती घोडीला दहा पावलं चालवत घेऊन गेली, थांबवली, आणि तंग परत दोन बोटं आवळला. तोंडानं एक शब्द नाही, काठी तर नाहीच. कुठल्याही शिबिरात पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि पोट फुगवायची युक्ती सांगायला तिथं अर्धा तास घेतात.

हे ओझ्याचे बुटके, काटक घोडे आपल्या दख्खनी घोड्यांचे वंशज. मराठ्यांच्या फौजा ज्यांच्यावर दौडल्या ते भीमथडी तट्टू पागा मोडल्यावर टिकलं ते धनगरांच्या वाड्यांबरोबर. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडीची देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. सारंगखेड्याच्या मांडवात लाखांच्या बोली लागतात त्या मात्र उंच, कान वळवणाऱ्या जनावरांवर. तट्टाकडे कुणी वळूनही पाहत नाही.

मराठीत घोडा फेरणाऱ्या माणसाला जुना शब्द आहे, चाबूकस्वार. हुद्द्याच्या नावातच चाबूक. तो वाईट शिकवायचा असं नाही. रणांगणावर बंदुकीच्या आवाजाला न बुजणारं जनावर त्यानंच तयार केलं. पण रण संपलं आणि त्याची विद्या नाचापुरती उरली. नाचरा घोडा सतत ताणलेल्या लगामावर, मान आवळून, जागच्या जागी टापा उचलायला शिकलेला असतो. दिसायला देखणा, पण सातपुड्याच्या पायवाटेवर त्याचा उपयोग थोडा. उतारावर घोड्याला मान पुढं सोडावी लागते, पाय कुठं टाकायचा ते स्वतः बघावं लागतं. जन्मभर आवळलेल्या घोड्याला ते सुचतच नाही. त्यातून बाजारातले बहुतेक देखणे घोडे अंडील, म्हणजे खच्ची न केलेले, असतात. घोळक्यात एखादी माजावर आलेली घोडी असली की रपेट तिथंच संपते.

शिबिराचा आजचा साचा आला तो अमेरिकेच्या पश्चिमेकडून. टॉम डॉरन्स (१९१०-२००३) आणि रे हंट (१९२९-२००९) हे गुराखी पेशाचे लोक. त्यांची पद्धत अशी: घोड्यावर दाब द्यायचा, त्यानं योग्य दिशेनं एक पाऊल जरी टाकलं तरी त्या क्षणी दाब सोडायचा. घोडा शिकतो तो सोडण्यातून, असं त्यांचं म्हणणं. हंट १९७० च्या दशकापासून गावोगाव फिरून शिबिरं घेऊ लागला. लोक आपापले घोडे घेऊन यायचे आणि दोन-चार दिवस रिंगणात शिकायचे. तिकडे गटानं रपेटीला जाणारे नामांकित संघ त्याआधीपासून होते, पण त्यातले काही निव्वळ पुरुषांचे. सांता बार्बाराचा रॅंचेरोस व्हिझिटाडोरेस हा १९३० चा संघ त्यातलाच. शिबिरांना मात्र कुणाची आडकाठी नव्हती, आणि तिथं बायकांची गर्दी झाली. ताकदीपेक्षा वेळेवर हात सैल सोडण्याला मान देणारी पद्धत त्यांना जवळची वाटली असणार.

ही पद्धत खान्देशात बसवायची तर आधी घोडा उलटा शिकवावा लागतो, म्हणजे नाच विसरायला लावावा लागतो. काटेरी कडियाळं (घोड्याच्या तोंडातली लोखंडी पट्टी) काढून साधं घालायचं, लगाम सैल ठेवून चालवायचं, आणि जागच्या जागी टापा आपटल्या तर शाबासकी द्यायची नाही. साईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारी मंडळी, याला सहज तयार होत नाहीत. त्यांचंही चूक नाही. नाच गेला तर घोड्याची किंमत जाते, आणि पोट त्यांचं त्यावर.

गटाच्या रपेटीचे नियम थोडे आहेत, पण त्यात सवलत नाही. पुढं एक जाणती, मागं एक जाणती. दोन घोड्यांमध्ये एका घोड्याचं अंतर. लाथ मारणाऱ्या जनावराच्या शेपटीला तांबडी फीत. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापुढं जाऊ द्यायचं नाही, त्यामुळे बुटक्या तट्टावर धिप्पाड गडी बसवण्यापेक्षा हलकी मुलगी बसवलेली बरी. हेल्मेट सगळ्यांना, फेट्यावर भागत नाही. आणि विसाव्याला घोड्याची नाडी बघायची: लांब पल्ल्याच्या शर्यतींत मिनिटाला ६४ ठोक्यांच्या खाली आल्याशिवाय पुढं सोडत नाहीत, हौशी रपेटीलाही तोच आकडा धरावा.

हवामानाचं तर बोलायलाच नको. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा घोडा सावलीत उभा असला तरी धापा टाकतो. पावसाळ्यात काळी माती टापांना किलो किलोनं चिकटते. उरतो तो हिवाळा. पण हिवाळ्याच्या तोंडाशी तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, आणि रपेटीला हवी तशी शांत, घोळक्याला सरावलेली, बँड-फटाक्यांना न बुजणारी जनावरं आपल्याकडे असतात ती वरातीच्या घोड्या. त्या सगळ्या नवरदेवांनी आधीच बोलून ठेवलेल्या.

मग पौष लागतो. मुहूर्त थांबतात, सारंगखेड्याचा बाजार नुकताच उठलेला असतो, कपाशीची शेवटची वेचणी चाललेली असते, काळी जमीन वाळून टणक झालेली असते. बँडवाले रिकामे, घोड्याही रिकाम्या. अनेर नदीच्या बाजूनं सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जायला यापेक्षा बरा महिना नाही. एवढं मात्र लक्षात ठेवायचं, की वरातीची घोडी वाटेत कुठं मांडव दिसला की आपणहून थांबते, आणि कितीही टाच मारली तरी कुणीतरी ओवाळल्याशिवाय हलत नाही.