मूल्याधारित गुंतवणूक (सोलापूरच्या संदर्भात)

शेअरचा बाजारातला भाव आणि त्यामागच्या धंद्याचे खरे मोल यांतला फरक हेरून, मोलापेक्षा बऱ्याच कमी भावात खरेदी करण्याची पद्धत म्हणजे मूल्याधारित गुंतवणूक. बेंजामिन ग्रॅहम (१८९४–१९७६) यांनी ती कोलंबिया विद्यापीठात शिकवली आणि त्यांचे विद्यार्थी वॉरन बफेट (जन्म १९३०) यांच्यामुळे ती जगभर पोहोचली. ग्रॅहम यांची शिकवण थोडक्यात अशी : शेअर म्हणजे धंद्यातला हिस्सा, बाजाराचा रोजचा भाव पटला तर घ्यावा, नाहीतर सोडून द्यावा, आणि आपला हिशेब चुकू शकतो म्हणून मोल व भाव यांत भरपूर अंतर राखावे.

सोलापूरकराने बफेट वाचायला घ्यावेत ते त्यांच्या कोका-कोलातल्या गुंतवणुकीपासून नव्हे, त्यांच्या कापडगिरणीपासून. बर्कशायर हॅथवे ही मुळात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली गिरणी. १९६२ साली बफेट यांनी तिचे शेअर सुमारे साडेसात डॉलरने घ्यायला सुरुवात केली, तेव्हा कंपनीचे खेळते भांडवलच (रोख, माल व येणी यांतून चालू देणी वजा जाता उरणारी रक्कम) शेअरमागे सव्वादहा डॉलर होते. ग्रॅहम यांच्या हिशेबाने सौदा चोख. १९६५ मध्ये ताबा आला आणि पुढची वीस वर्षे गिरणी पैसे खात राहिली.

कामगार मेहनती होते, व्यवस्थापकही चांगला होता. अडचण धंद्याच्या स्वभावात होती. नवे माग घेतले की उत्पादनखर्च उतरेल, हे कागदावर दर वेळी खरे ठरायचे. पण शेजारचा गिरणीवालाही तेच माग घ्यायचा, कापडाचा भाव तेवढाच खाली यायचा आणि बचत गिऱ्हाइकाच्या खिशात जायची. मिरवणूक बघताना सगळेच टाचा उंचावून उभे राहिले तर कोणालाच जास्त दिसत नाही, असा दाखला बफेट यांनी दिला आहे. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला उभा राहिलेला कोणीही तो मान्य करील. १९८५ मध्ये गिरणी बंद झाली. १९८१ साली प्रत्येकी ५,००० डॉलरला घेतलेले काही माग २६ डॉलरने भंगारात गेले. तेवढ्यात ते हलवण्याचा खर्चही निघाला नाही. मूळ सुमारे १.३ कोटी डॉलरच्या यंत्रसामग्रीचे एकूण १,६३,१२२ डॉलर आले. ताळेबंदातली पुस्तकी किंमत ही मोलाची हमी नसते, हे याहून स्पष्ट सांगणारा आकडा सापडणे कठीण.

चादरी आणि टॉवेलच्या यंत्रमागांवर चालणाऱ्या सोलापूरच्या पूर्व भागात हा हिशेब रोजचाच आहे. समजा, एखाद्या कारखानदाराच्या वहीत वीस लाखांचा नफा दिसतो, घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी खर्चात धरलेली रक्कम) पाच लाख धरला आहे, पण बाजारात टिकायचे तर दरसाल वीस लाखांची यंत्रे बदलावी लागतात. मालकाच्या हाती उरतात पाचच लाख. नफ्यात घसारा मिळवून त्यातून धंदा आहे तिथे ठेवण्यापुरता भांडवली खर्च वजा करणे, या आकड्याला बफेट मालकाची कमाई मानतात. १९७२ मध्ये २.५ कोटी डॉलरला घेतलेली सीज कँडीज ही मिठाईची कंपनी याच कसोटीवर उजवी ठरली : तिला नवे भांडवल फारसे लागत नव्हते आणि भाव वाढवला तरी गिऱ्हाईक टिकत होते. स्वस्तातल्या सामान्य धंद्यापेक्षा वाजवी भावातला उत्तम धंदा बरा, या मताकडे बफेट यांना वळवण्यात त्यांचे भागीदार चार्ली मंगर यांचा वाटा मोठा होता.

शेअर म्हणजे मालकी हे पहिले तत्त्व सोलापुरात कोर्टाच्या पायरीपर्यंत गेले आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे जुनी मिल, १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. या ताब्याविरुद्धची चिरंजीत लाल चौधरी या भागधारकाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळली. पुढे नव्या संचालकांनी प्रत्येक प्रेफरन्स शेअरवर (लाभांशात अग्रक्रम असलेल्या शेअरवर) भरायचे उरलेले पन्नास रुपये मागितले, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास हे भागधारक भांडले आणि डिसेंबर १९५३ मध्ये जिंकले. घटनात्मक कायद्याच्या अभ्यासात हे निकाल येतात. गुंतवणुकीच्या शिकवणीतही त्यांना जागा हवी.

आपल्याला कळतो त्याच धंद्यात पैसा घालावा, हा बफेट यांचा आग्रह मात्र इथे अनेकदा उलटा लावला जातो. चाटी गल्लीतल्या कापड व्यापाऱ्याला सुताचा भाव आणि उधारी किती दिवस अडकते हे नेमके ठाऊक असते. ते ज्ञान कापड कंपनीचा अहवाल वाचताना खरेच उपयोगी पडते. पण कंपनी गावातली म्हणून ती कळते, असे नाही. बालाजी अमाइन्स ही सोलापूरची नोंदणीकृत कंपनी रसायने बनवते आणि शहरातले बालाजी सरोवर प्रीमियर हॉटेलही तिचेच. हॉटेलच्या दारातली गर्दी पाहून मिथाइल अमाइन या तिच्या रसायनाच्या भावाचा अंदाज येत नाही. त्यासाठी वार्षिक अहवालातले विभागवार आकडे उघडावे लागतात आणि कोणत्या विभागात किती भांडवल गुंतले आहे, तेही पाहावे लागते.