खान्देशातील कुस्त्यांचे मैदान

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत यात्रा-उरुसाच्या निमित्ताने कुस्त्यांच्या दंगलीसाठी तात्पुरते तयार केले जाणारे मोकळे मैदान. एरवी ही जागा बैलबाजाराची, देवस्थानाच्या पडीक रानाची किंवा नदीकाठची असते. दंगल संपली की मैदानही मोडते. त्यामुळे त्याचा इतिहास लोकांच्या तोंडीच अधिक टिकला आहे.

मैदान करणे हे मेहनतीचे काम. खान्देशची काळी माती सुकली की तिची ढेकळे दगडासारखी होतात; पाठीवर आपटलेला पहिलवान त्यावर सोलून निघेल. म्हणून जागा नांगरून ढेकळे फोडतात, खडे-काटे वेचतात, मऊ माती पसरून पाणी शिंपडतात. तालमीतल्या कायमच्या हौदाची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याची, निगा याहून वेगळी : तिथे तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवतात. चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे उन्हे कलल्यावरच हलगी वाजू लागते.

सुरुवात पोरांच्या रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्यांनी होते. मग इनामाची रक्कम चढत जाते आणि शेवटी मानाची कुस्ती लागते. जोड बऱ्याचदा मैदानातच ठरते. पहिलवान हात वर करून फेरी मारतो, गर्दीतून कोणी पुढे येऊन हात मिळवतो. दोघांची अंगलट नजरेनेच जोखून पंच होकार देतात किंवा जोड मोडतात. गुण मोजायचे नसतात. पाठ टेकली की कुस्ती निकाली. जिंकलेला गडी कडेने फिरतो तेव्हा प्रेक्षक त्याच्या हातात नोटा ठेवतात. जोड जोखणारी पंचांची नजर हाच या मैदानाचा खरा आधार, कारण विजोड कुस्तीत गडी जायबंदी होतो.

महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी ती धुळ्यात भरली; भगवान मोरे विजेते ठरले. १९६६ मध्ये जळगावात दीनानाथ सिंह यांनी किताब मिळवला. १९७७ ची चाळीसगावची स्पर्धा मात्र अनिर्णित राहिली, किताब कोणालाच मिळाला नाही. त्याच चाळीसगाव तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ व २०१६ असा सलग तीनदा हा किताब जिंकला. खान्देशच्या कुस्तीचा हा मोठा मान.

महाराष्ट्र केसरीत आता माती आणि गादी (मॅट) असे दोन विभाग असतात व दोन्हींचे विजेते अंतिम लढतीत भिडतात. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशेब असतो. मातीवर दमाने झुंजायची सवय असलेल्या पोरांना तो वेग वेगळा शिकावा लागतो. यात्रेतली दंगल अजून मातीवरच होते, आणि अलीकडे तिच्यात मुलींच्याही जोडी लावल्या जातात.